सर्व्हर कधी गोठतो, कधी आपोआप रिबूट होतो: लॅन ड्रायव्हर की हार्डवेअर?

कोयनाकाठ

मंडळी, एका पतसंस्थेच्या डेटाबेस सर्व्हरसाठी मदत हवी आहे. झिऑन ई-२३०० मालिकेतला एक प्रोसेसर, ६४ जीबी ईसीसी (चूक सुधारणारी) रॅम, बीएमसी (दुरून देखरेखीसाठी बोर्डवरचा वेगळा छोटा संगणक) असलेला बोर्ड, २यू (चपटी, रॅकमधली) केस. राइझरवर (चपट्या केसमध्ये कार्ड आडवं बसवणारा जोड) एक अडॅप्टर कार्ड आणि त्यावर दोन एम.२ एनव्हीएमई (पीसीआयई बसवर चालणाऱ्या एसएसडी). पहिलीवर ओएस आणि डेटाबेस, दुसरीवर रात्रीचा बॅकअप. डेबियन १२, कर्नल ६.१. लॅन बोर्डवरचंच आहे, ड्रायव्हर आयजीबी.

पूर्वी साटा एसएसडी आणि जुना कर्नल होता, तेव्हा त्रास नव्हता. एनव्हीएमई आणि नवा कर्नल एकाच शनिवारी आले. तेव्हापासून आठवड्यातून एकदोनदा तीनपैकी काहीतरी होतं: पिंग लागतो पण एसएसएच होत नाही, किंवा पिंगही बंद पडतो, किंवा मशीन स्वतःहून रिबूट होतं. बहुतेक वेळा रात्री २ ते ४ च्या दरम्यान, किंवा बॅकअप सुरू होतानाच. दिवसा गर्दीच्या वेळी जवळजवळ कधीच नाही.

जर्नलमध्ये काही सापडत नाही, मजकूर मध्येच तुटतो. बीएमसीच्या रिमोट कन्सोलवर एकदा शेवटची ओळ दिसली ती "नेटडेव्ह वॉचडॉग, ट्रान्समिट क्यू टाइम्ड आउट", नाव आयजीबीचं. लॅन ड्रायव्हर बदलावा की दुसरं कार्ड टाकावं?

उंबरठा

आधी रॅम तपासा. मेमटेस्ट८६+ ची ६ च्या पुढची आवृत्ती यूईएफआयवर चालते, निदान ४ पास होऊ द्या. यूपीएसही बघा. लाइन इंटरॅक्टिव्ह यूपीएसला बॅटरीवर जायला काही मिलीसेकंद लागतात, आणि जनरेटर चालू-बंद होताना जुना पीएसयू तेवढा दम धरत नाही.

लॉगवाचक

ईसीसी रॅम आहे, म्हणून मेमटेस्टसाठी सर्व्हर रात्रभर बंद ठेवण्याआधी चालू मशीनवरच विचारून घ्या. रासडिमन बसवा आणि "रास-एमसी-सीटीएल --समरी" बघा. एका बिटाची चूक ईसीसी दुरुस्त करते आणि मोजते, दोन बिटांची चूक नुसती पकडते. तिथे शून्य असेल तर रॅम यादीत खाली ढकला.

वीज गेली होती का, हे बीएमसीच सांगेल. पीएसयूची वीज खरोखर तुटली तर बीएमसीसुद्धा बंद पडून पुन्हा सुरू होतो. "आयपीएमआयटूल चॅसी स्टेटस" मध्ये शेवटचा पॉवर इव्हेंट "एसी-फेल्ड" दिसतो का, आणि एसईएलमध्ये (बीएमसीच्या नोंदवहीत) त्या वेळेची काय नोंद आहे, ते "एसईएल ईलिस्ट" ने पाहा. त्याआधी "एसईएल टाइम गेट" करून बीएमसीचं घड्याळ ओएसशी जुळतं का बघा. बऱ्याच बोर्डांवर ते यूटीसीवर असतं, आणि साडेपाच तासांच्या फरकाने माणूस भलत्याच नोंदीमागे लागतो.

(कमांड इथे उच्चाराप्रमाणे लिहितो आहे.)

कोयनाकाठ

रास समरीत मेमरीच्या चुका शून्य. चॅसी स्टेटसमध्ये एसी-फेल्ड नाही, बीएमसीही मध्ये सुरू झालेला नाही. एसईएलमध्ये दोन नोंदी आहेत: "क्रिटिकल इंटरप्ट, बस फेटल एरर". दोन्ही रिबूट झालेल्या रात्रींच्या. गोठलेल्या रात्रींची एकही नोंद नाही.

तिसरा_प्रहर

ती बस फेटल एरर ही इथली सर्वांत मोलाची ओळ आहे. लॅनला सध्या हात लावू नका.

कर्नलमध्ये तक्रार करणाऱ्यांचे टायमर वेगवेगळे असतात. आयजीबीचा ट्रान्समिट वॉचडॉग ५ सेकंदांत ओरडतो. सॉफ्ट लॉकअपचा इशारा साधारण २० सेकंदांनी येतो. एनव्हीएमई ड्रायव्हर एका आयओसाठी ३० सेकंद थांबतो. हंग टास्कची ओळ १२० सेकंदांनी. म्हणजे मशीन कशानेही अडकलं तरी पहिली हाक बहुधा लॅनचीच ऐकू येणार. एखादा कोअर दुसऱ्याच डिव्हाइसचं रजिस्टर वाचताना खोळंबला आणि लॅनचा इंटरप्ट त्याच कोअरवर असला, की पाठवलेल्या पॅकेटांचा हिशेब होत नाही आणि वॉचडॉग सुटतो. /प्रॉक/इंटरप्ट्स मध्ये आयजीबीच्या आणि एनव्हीएमईच्या रांगा कुठल्या कोअरवर आहेत ते पाहा.

जर्नल तुटण्याचं कारणही सरळ आहे. जर्नल ज्या डिस्कवर लिहिलं जातं तीच डिस्क गेली असेल तर तिच्या जाण्याची नोंद कुठे होणार? तुमची तिन्ही लक्षणं मला एकाच बिघाडाची वाटतात. डिस्क गेली तरी नेटवर्क स्टॅक रॅममध्ये असतो म्हणून पिंग लागतो, एसएसएचला मात्र डिस्क वाचावी लागते. कोअर अडकला तर पिंगही जातो. आणि हीच चूक प्लॅटफॉर्मने गंभीर ठरवली तर फर्मवेअर ती एपीईआय या हार्डवेअरच्या चुका कळवणाऱ्या सोयीमार्फत कर्नलकडे देतं, "फेटल हार्डवेअर एरर" असा पॅनिक होतो आणि ३० सेकंदांनी मशीन आपणहून रिबूट होतं.

म्हणून पहिलं काम लॉग डिस्कबाहेर काढण्याचं. बीएमसी आहे, तर सीरियल ओव्हर लॅन (एसओएल, म्हणजे सीरियल कन्सोल बीएमसीमार्फत दुसऱ्या मशीनवर) वापरा. ग्रब या बूटलोडरमध्ये "कन्सोल=टीटीवाय०" आणि त्यानंतर "कन्सोल=टीटीवायएस१,११५२००एन८" द्या. काही बोर्डांवर एस१ ऐवजी एस० असतो, बायोसमध्ये एसओएल कुठल्या कॉम पोर्टला जोडलाय ते बघून ठरवा. "लॉगलेव्हल=७" ठेवा. दुसऱ्या मशीनवर टीमक्समध्ये "आयपीएमआयटूल -आय लॅनप्लस ... एसओएल ॲक्टिव्हेट" चालू ठेवा आणि पाइप-पेन लावून फाइलीत साठवा. नेटकन्सोल (कर्नलचे संदेश लॅनवरून पाठवणारी सोय) इथे नको, कारण ज्या लॅनवर संशय आहे त्याच वाटेने तो जातो. बीएमसीचा स्वतःचा लॅन पोर्ट मात्र वेगळा हवा. तो मुख्य पोर्टशी वाटून घेतलेला असेल तर बायोसमधून डेडिकेटेड करा.

निळी_वायर

वरच्याला जोडून. क्रॅश होण्याची वाट न बघता आत्ताच तीन गोष्टी पाहता येतील.

"एलएसपीसीआय -टीव्ही" ने कोण कुठल्या रूट पोर्टखाली (लिंकचं प्रोसेसरकडचं टोक) आहे ते काढा. मग रूट पोर्ट आणि डिस्क दोन्हींवर रूट म्हणून "एलएसपीसीआय -व्हीव्हीव्ही -एस" चालवा. एलएनकेकॅप म्हणजे झेपणारा वेग, एलएनकेएसटीए म्हणजे सध्याचा वेग आणि रुंदी. एलएनकेसीटीएलमध्ये एएसपीएम (लिंकचं पॉवर सेव्हिंग) चालू की बंद, आणि एल१सबसीटीएल१ मध्ये एल१.२ (लिंकची खोल झोप) समोर अधिक की वजा, हे टिपून ठेवा.

तिसरं, /सिस/बस/पीसीआय/डिव्हायसेस खाली त्या पोर्टच्या फोल्डरमध्ये एईआर_डेव्ह_करेक्टेबल नावाची फाइल असते (एईआर म्हणजे पीसीआयईच्या चुका कळवण्याची सोय). तिच्यात आरएक्सएरर, बॅडटीएलपी, बॅडडीएलएलपी, रोलओव्हर, टाइमआउट असे आकडे असतात. सगळे शून्य दिसले तर खूश होण्याआधी बूटच्या मजकुरात "_ओएससी: ओएस नाऊ कंट्रोल्स" ही ओळ शोधा, फर्मवेअरने ओएसकडे काय सोपवलं ते ती सांगते. तिच्यात एईआर नसेल तर चुका फर्मवेअरच गिळतं आहे आणि ओएसला काही कळत नाही. बायोसमध्ये एईआर ओएसकडे देण्याचा पर्याय बहुतेक सर्व्हर बोर्डांवर असतो.

कोयनाकाठ

_ओएससीच्या ओळीत एईआर आहे. पहिली डिस्क ००:०१.१ पोर्टखाली, दुसरी ००:०१.२ खाली. दोन्ही १६ जीटी/एस, रुंदी ४. एएसपीएम एल१ चालू, एल१.२ समोर अधिक. पहिल्या पोर्टवर बॅडटीएलपी चार आकडी, रोलओव्हर आणि टाइमआउटही थोडे. दुसऱ्यावर बॅडटीएलपी दोन आकडी.

काल रात्री गोठला तेव्हा सीरियलवर हे मिळालं. आधी काही तास मधूनमधून "पीसीआयई बस एरर, सिव्हिरिटी करेक्टेड, डेटा लिंक लेयर". मग शांतता. मग आयजीबीचा वॉचडॉग. त्यानंतर "एनव्हीएमई०: कंट्रोलर इज डाउन, विल रीसेट, सीएसटीएस=०एक्स" आणि पुढे आठ एफ. शेवटी "डिसेबलिंग डिव्हाइस आफ्टर रीसेट फेल्युअर: -१९" आणि फाइलसिस्टिमच्या चुकांची रांग.

तिसरा_प्रहर

आठ एफ म्हणजे डिस्कने दिलेलं उत्तर नाही. प्रोसेसरने वाचायला सांगितलं, पलीकडून उत्तर आलं नाही, वेळ संपली आणि रूट कॉम्प्लेक्सने (प्रोसेसरकडचा पीसीआयई भाग) रिकाम्या जागी सगळे एक भरून दिले. -१९ म्हणजे "असं डिव्हाइसच नाही". डिस्क बसवरून गळून पडली आहे.

ही खूण ओळखून ठेवण्यासारखी आहे, कारण प्रत्येक ड्रायव्हर ती आपापल्या भाषेत सांगतो. आयजीबी म्हणतो "पीसीआयई लिंक लॉस्ट, डिव्हाइस नाऊ डिटॅच्ड". एसएएस एचबीएचा (डिस्क जोडणाऱ्या कार्डाचा) ड्रायव्हर एमपीटी३सॅस म्हणतो "सॅस होस्ट इज नॉन-ऑपरेशनल". एन्व्हिडियाचा ड्रायव्हर एक्सआयडी ७९ देतो, जीपीयू बसवरून पडला म्हणून. नावं चार, तपास एकच: लिंक, वीज, पॉवर सेव्हिंग, फर्मवेअर. ड्रायव्हर बदलून यातलं सहसा काही सुटत नाही.

उंबरठा

मग "पीसीआयई_एएसपीएम=ऑफ" आणि "पीसीआय=नोएईआर" दोन्ही टाकून द्या की. सगळीकडे हेच सुचवलेलं दिसतं.

निळी_वायर

दोन्ही नकोत.

नोएईआरने चुका थांबत नाहीत, फक्त त्यांची नोंद थांबते. आपल्याकडे असलेलं एकमेव मोजमाप त्यामुळे हातचं जातं.

आणि "पीसीआयई_एएसपीएम=ऑफ" चा अर्थ कर्नलच्या दस्तऐवजात स्पष्ट आहे: एएसपीएमला हात लावू नकोस, फर्मवेअरने जे ठरवलं ते तसंच राहू दे. बायोसने एल१ चालू करून ठेवला असेल तर या पर्यायानंतरही तो चालूच राहतो. खरोखर बंद करायचं तर "पीसीआयई_एएसपीएम.पॉलिसी=परफॉर्मन्स" द्या, किंवा बायोसमध्ये त्या स्लॉटचा एएसपीएम "ऑटो" वरून "डिसेबल्ड" करा. दोन्हीपैकी काहीही केलं तरी रिबूटनंतर एलएनकेसीटीएलमध्ये "एएसपीएम डिसेबल्ड" हे शब्द डोळ्यांनी बघा. नव्या कर्नलात एनव्हीएमई ड्रायव्हर स्वतःच एपीएसटी बंद करण्याबरोबर हा ऑफवाला पर्याय सुचवतो, म्हणून तो इतका पसरला आहे.

एपीएसटी ही वेगळी गोष्ट. एएसपीएम म्हणजे लिंकची झोप, एपीएसटी म्हणजे डिस्कच्या आतल्या कंट्रोलरची झोप. कर्नल ४.११ पासून ती लिनक्समध्ये आहे. ड्रायव्हर डिस्कने जाहीर केलेला झोपेत जाण्याचा आणि उठण्याचा वेळ बघतो आणि मर्यादेत बसणाऱ्या अवस्था वापरू देतो. मर्यादा मुळात १,००,००० मायक्रोसेकंद असते. काही डिस्क सांगितलेल्या वेळात उठत नाहीत. बंद करायला "एनव्हीएमई_कोअर.डिफॉल्ट_पीएस_मॅक्स_लेटन्सी_यूएस=०". लागू झालं का ते "एनव्हीएमई गेट-फीचर -एफ ०एक्स०सी -एच" सांगतं.

तुमचे क्रॅश शांत वेळी आणि बॅकअप सुरू होताना होतात, म्हणजे झोपेत असताना किंवा झोपेतून उठताना. त्यामुळे या दोन्हींवर संशय रास्त आहे. पण बॅडटीएलपीची गोष्ट वेगळी आहे. ती झोपेने होत नाही.

लॉगवाचक

बॅडटीएलपी म्हणजे पॅकेट आलं पण त्याचा सीआरसी (तपासणीचा आकडा) जुळला नाही. घेणारा ते नाकारतो, पाठवणारा पुन्हा पाठवतो. सलग चारदा तेच झालं की रोलओव्हर मोजला जातो आणि लिंक नव्याने जुळवली जाते. काम चालू राहतं म्हणून याला "करेक्टेड" म्हणतात, पण तारेवर सिग्नल खराब आहे हा त्याचा सरळ अर्थ. आणि झोपेतून उठताना लिंकला पुन्हा सावरावं लागतं. सिग्नल आधीच काठावर असेल तर ते सावरणं कधीतरी फसतं. दोन्ही संशय इथे एकत्र येतात.

चूक कुठल्या टोकाला मोजली गेली यावरून दिशा कळते. मोजतो तो घेणारा. रूट पोर्टवर बॅडटीएलपी असेल तर डिस्ककडून प्रोसेसरकडे येणारी वाट खराब. डिस्कवर असेल तर उलट.

आता एक प्रश्न: राइझर कुठल्या पिढीचा आहे? हा प्रोसेसर जेन४, म्हणजे १६ जीटी/एस, देतो, पण जुन्या २यू केसमधले राइझर बहुतेक जेन३ साठी, म्हणजे ८ जीटी/एस साठी बनवलेले असतात. राइझर आणि त्यावर अडॅप्टर, म्हणजे मध्ये दोन जादा कनेक्टर. १६ जीटी/एस तिथे कसाबसा जुळतो. जोडणीच्या वेळी जुळला म्हणून तो टिकेलच असं नाही.

कोयनाकाठ

राइझर केसबरोबर आलेला, म्हणजे केस जेवढी जुनी तेवढाच. त्यावर काही छापलेलं नाही. आता सगळं एकदम बदलू, की एकेक? एकेक बदलून प्रत्येक वेळी आठवडाभर थांबणं संस्थेला परवडणार नाही.

तिसरा_प्रहर

संस्थेचे पैसे त्यावर आहेत, त्यामुळे आज रात्री सगळं एकदम करा: बायोसमध्ये त्या स्लॉटचा वेग जेन३, एएसपीएम बंद, एपीएसटी बंद. जेन३ वर ४ लेनला सुमारे ३.९ जीबी/सेकंद मिळतात, जेन४ वर ७.९. पतसंस्थेच्या डेटाबेसला हा फरक जाणवणार नाही. दोष शोधण्याचं काम सुट्टीच्या दिवशी, बॅकअप घेऊन.

क्रॅशवरून दोष शोधणं फार मंद आहे. क्रॅश सरासरी ४ दिवसांनी होत असेल, तर एखादा बदल केल्यावर १२ दिवस शांत गेले तरी ते निव्वळ योगायोगाने घडण्याची शक्यता सुमारे ५ टक्के उरते. "सरासरीच्या तिप्पट" इतकं थांबल्याशिवाय सुटलं म्हणू नये. तीन बदल वेगवेगळे तपासायचे तर महिना गेला.

म्हणून क्रॅश मोजू नका, बॅडटीएलपी मोजा. आकडे टिपा, फिओ या डिस्क-चाचणीच्या प्रोग्रामने तासभर वाचन चालवा, पुन्हा टिपा. पर्याय: रीडओन्ली, आरडब्ल्यू=रीड, बीएस=१एम, डायरेक्ट=१, आयओडेप्थ=३२. रीडओन्ली विसरू नका. कच्च्या डिस्कवर चुकून राइट चालवलं तर डेटा गेला. वाचताना डेटा डिस्ककडून येतो, म्हणून रूट पोर्टचा आकडा बघा. लिहितानाची वाट तपासायची तर दुसऱ्या डिस्कवर एक फाइल बनवून तिच्यावर राइट चालवा आणि डिस्कच्या बाजूचा आकडा बघा.

झोपेची चाचणी वेगळी: ५ सेकंद वाचन, ६० सेकंद शांतता, हे चक्र रात्रभर. सलग लोड दिल्याने हा दोष कधीच दिसत नाही, कारण लिंक झोपतच नाही. चोवीस तास स्ट्रेस टेस्ट पास झालेलं मशीन रात्री ३ वाजता पडतं ते यामुळे.

निळी_वायर

चाचणीआधी एकदा उघडून बघाच. पूर्ण वीज काढा, दोन्ही पीएसयूच्या दोऱ्यासुद्धा. राइझर आणि अडॅप्टर काढून सोनेरी पट्ट्या ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने, न झडणाऱ्या कापडाने पुसा. खोडरबर वापरू नका, मुलामा झिजतो. परत बसवताना राइझरचा स्क्रू आवळल्यावर कार्डाचं दुसरं टोक उचललं जात नाही ना, हे बाजूने टॉर्च मारून पाहा. २यू केसमध्ये हे फार होतं: ब्रॅकेट अर्धा मिलिमीटर वाकडा असतो आणि मागचा स्क्रू कार्ड तिरकं ओढतो.

त्याच वेळी "एनव्हीएमई स्मार्ट-लॉग" मधून तापमान आणि थर्मल ट्रान्झिशनचे आकडे घ्या.

कोयनाकाठ

सुट्टीच्या दिवशी सगळं केलं. तापमान ठीक, थर्मल ट्रान्झिशन शून्य.

साफ करून, नीट बसवून, जेन४ वर: तासाभरात पहिल्या पोर्टचा बॅडटीएलपी काही शेकड्यांनी वाढला, आधीपेक्षा कमी पण शून्य नाही. जेन४ ठेवून एएसपीएम बंद: बॅडटीएलपी तेवढाच, पण झोपेच्या चक्रात रोलओव्हर आणि टाइमआउट वाढायचे ते थांबले. जेन३ वर एएसपीएम चालू: सगळे आकडे जागच्या जागी, रात्रभराच्या चक्रातही. दोन्ही डिस्कची जागा अदलाबदल केली तर चुका जागेबरोबर राहिल्या, डिस्कबरोबर गेल्या नाहीत.

लॉगवाचक

म्हणजे डिस्क संशयातून सुटल्या, कर्नल सुटला, लॅन तर कधीच सुटलं होतं. राहिले राइझर आणि अडॅप्टर. अडॅप्टर राइझरशिवाय थेट बोर्डच्या स्लॉटमध्ये उभा लावून, झाकण उघडं ठेवून तीच तासाभराची चाचणी घ्या. चुका गेल्या तर राइझर, राहिल्या तर अडॅप्टर.

कोयनाकाठ

थेट स्लॉटमध्ये, जेन४ वर, शून्य. राइझरच होता. जेन४ ला मान्य असलेला मागवतो आहे. तोवर जेन३ आणि एएसपीएम बंद. एपीएसटी पुन्हा चालू करू का?

तिसरा_प्रहर

करा, तिच्याविरुद्ध पुरावा नाही. नवा राइझर आला की हीच तासाभराची चाचणी आधी, मग जेन४. आणि हा आकडा देखरेखीत घाला: दर ५ मिनिटांनी एईआर_डेव्ह_करेक्टेबल वाचणारी छोटी स्क्रिप्ट, वाढ दिसली की मेल.

दुसरी सुधारणा: ओएस आणि डेटाबेसचा मिरर करा, पण दोन्ही भाग एकाच अडॅप्टरवर ठेवू नका. एक बोर्डवरच्या एम.२ मध्ये, एक कार्डावर. एका राइझरवरचा मिरर राइझरच्या दोषापासून वाचवत नाही. केडम्पचंही (क्रॅश होताना मेमरीची प्रत साठवण्याची सोय) तेच: गळून पडलेल्या डिस्कवर डम्प लिहिला जात नाही. त्याचं ठिकाण एनएफएस किंवा एसएसएच ठेवा, "क्रॅशकर्नल=२५६एम" द्या, आणि सिसआरक्यू-ट्रिगरमध्ये सी लिहून एकदा मुद्दाम पाडून डम्प खरोखर येतो का ते बघा. गोठलेलं मशीन बीएमसीवरून "चॅसी पॉवर डायग" ने एनएमआय (अडवता न येणारा इंटरप्ट) देऊन पाडता येतं, मात्र त्यासाठी कर्नलमध्ये अननोन_एनएमआय_पॅनिक १ हवं.

पाणंद

धागा आत्ता वाचला. डेस्कटॉप बोर्डवरच्या छोट्या सर्व्हरला बीएमसी नसेल तर काय? रात्री आयडल असताना गोठतो, स्क्रीन काळी, लॉगमध्ये काही नाही.

निळी_वायर

लॅनवर संशय नसेल तर नेटकन्सोल: दुसऱ्या मशीनवर यूडीपी ६६६६ ऐकत बसा. यूईएफआय बूट असेल तर पॅनिकनंतर /व्हार/लिब/सिस्टमडी/पीस्टोअर बघा, कर्नलचा शेवटचा मजकूर कधीकधी तिथे उरतो.

प्रोसेसर पहिल्या पिढीचा रायझन असेल तर आधी बायोसमध्ये एएमडी सीबीएसखाली "पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल" शोधा आणि "टिपिकल करंट आयडल" करा. खोल झोपेत प्रोसेसर इतका कमी करंट ओढतो की काही पीएसयूंना ते झेपत नाही. पर्याय नसेल तर बायोस अपडेट करा, किंवा तोवर "प्रोसेसर.मॅक्स_सीस्टेट=५" देऊन बघा. प्रोसेसर दुसरा असेल तर मॉडेल, बोर्ड आणि "एलएसपीसीआय -व्हीव्हीव्ही" चं आउटपुट टाका.